कुणी ऐकलं, कुणी लिहिलं : वऱ्हाडातल्या जुन्या नोंदींमधली गावं

जुन्या इंग्रजी कागदांत अमरावती शोधणारा माणूस सूची उघडतो ती ‘ए’ या अक्षरावर, आणि निम्मी अमरावती तिथेच त्याच्या हातून निसटते. हेच शहर ‘यू’खाली उमरावती म्हणून बसलेलं असतं, ‘डबल ओ’खाली ऊमरावट्टी म्हणून, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे कित्येक वर्षं अमरावतीऐवजी ‘अमरावटी’, ‘अमराओटी’ अशा काहीशा आखूड रूपात. यांतलं एखादं रूप दिसलं की आपण पटकन म्हणतो, गोऱ्या साहेबाला नाव नीट घेता येत नव्हतं. ते काही वेळा खरंही असतं. पण प्रत्येक वेळी तेच उत्तर दिलं, तर नोंदीत दडलेली बरीच माहिती आपण स्वतःहून फेकून देतो.

‘यू’चंच घ्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या उत्तरकाळातले इंग्रज हिंदुस्थानी शब्द लिहिताना बहुतेक गिलख्रिस्ट या हिंदुस्थानीच्या कोशकाराच्या वळणाने जात. त्या वळणात ‘अ’साठी ‘यू’, ‘उ’साठी ‘डबल ओ’ आणि ‘ई’साठी ‘डबल ई’. विल्यम जोन्सने 1788 मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्या खंडात दुसरी पद्धत मांडली होती, पण सरकारी कचेऱ्यांत तिची सुधारलेली आवृत्ती रुजली ती विल्यम हंटरच्या खटपटीने, 1870च्या दशकात. हंटरच्या पद्धतीत ‘यू’ म्हणजे ‘उ’. म्हणून ‘यू-एम’ने सुरू होणारी अमरावती 1820च्या कागदात असेल तर लिहिणाऱ्याने बहुधा ‘अम’ ऐकलं होतं, आणि 1880च्या कागदात असेल तर ‘उम’. अक्षरं तीच, उच्चार वेगळा. कागदावरची तारीख न पाहता स्पेलिंग वाचणं निरर्थक आहे ते यासाठी.

मग ‘उम’ आलं कुठून? उदुंबरावती, उंबरावती, अमरावती अशी परंपरा शहरात सांगितली जाते. अंबादेवीशीही नाव जोडतात. या व्युत्पत्तींचं काय करायचं ते पुढे पाहू. पण फारसी लिपीत हे नाव कसं दिसतं याकडे आधी बघायला हवं. सुरुवातीला अलिफ, मग मीम, रे, अलिफ, वाव, ते, ये. ऱ्हस्व स्वर फारसीत सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पहिला अलिफ ‘अ’ वाचायचा, ‘इ’ वाचायचा की ‘उ’, हे वाचणाऱ्याच्या कानावर सोडलेलं. ‘उमराव’ हा शब्द ज्याच्या जिभेवर रोजचा, तो मुनशी उमरावती वाचणार यात नवल नाही. निजामी दप्तरातून इंग्रजी दप्तरात गाव उतरताना मधे असा एक वाचक उभा होता, हे विसरून चालत नाही.

युरोपात जुनं गाव किंवा घराणं शोधण्याचं मुख्य साधन म्हणजे चर्चच्या वह्या. 1563 साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि विवाह नोंदवण्याचा दंडक घातला. पोर्तुगिजांबरोबर तो गोव्यात आला आणि तिथल्या पॅरिशांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या भरत गेल्या. वऱ्हाडात ते काम वेगवेगळ्या दप्तरांनी तुकड्यातुकड्यांनी केलं. तहसिलीच्या रेकॉर्ड रूममधलं कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्ममृत्यूंची जुनी नोंद, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर, पटवाऱ्याचं दप्तर, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, जिथे यजमान मूळ गावावरून सापडतो, आणि थोड्या प्रमाणात चर्चच्या वह्याही. ज्याला आपल्या पणजोबाचा ठावठिकाणा हवा, त्याला यांपैकी दोन-तीन ठिकाणी तरी जावंच लागतं.

आणि हे काम हौशीपुरतं राहिलेलं नाही. जात पडताळणीसाठी अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांना 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांना 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा जोडावा लागतो. 2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर मोडी आणि उर्दू कागद वाचणाऱ्यांची शोधाशोध राज्यभर सुरू झाली. कोतवाल बुकात ‘लोनी’ आणि शाळेच्या दाखल्यावर ‘लोणी’ असं असलं, तर घरच्यांना ती एकच गोष्ट वाटते. टेबलापलीकडच्या माणसाला ती दोन गावं वाटू शकतात.

वऱ्हाडाची यात आणखी एक अडचण आहे. कोकण-देशावर आडनावाच्या शेवटी ‘कर’ लावून गाव जपलं जातं. कागदातलं गाव पुसलं तरी आडनावातून ते पुन्हा हाती येतं. वऱ्हाडात ही सोय कमी. देशमुख, ठाकरे, राऊत, इंगोले, वानखडे या आडनावांतून गाव निघत नाही. म्हणजे नोंदीतल्या गावाच्या नावावरच सगळी भिस्त.

आता अचलपूर. साऱ्या वऱ्हाडात याच्याइतकं शिकवणारं नाव दुसरं नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. इंग्रजी अमदानीत हे एलिचपूर होतं, स्पेलिंगमध्ये कधी एक ‘एल’, कधी दोन. 1908च्या इम्पीरियल गॅझेटियरपर्यंत दोन ‘एल’ टिकून होते. शहराचं नाव पुढे अचलपूर झालं तेव्हा सर्वसाधारण समज असा की, बिघडलेलं नाव शुद्ध झालं. एका बाजूला ‘इल’ नावाच्या राजाची दंतकथा आहे, तिच्यावरून एलिचपूर. दुसऱ्या बाजूला संस्कृत अचलपूर. म्हणजे एक खरं आणि एक खोटं, असा वाद.

पण बाराव्या शतकातल्या हेमचंद्राने, तोही गुजरातेत बसून, आपल्या प्राकृत व्याकरणात नेमका हाच शब्द घेतला आहे. अचलपूरमधले ‘च’ आणि ‘ल’ जागा बदलतात आणि ‘अलचपुर’ असं रूप होतं, असा नियमच त्याने खास या एका नावासाठी नोंदवून ठेवला. म्हणजे इंग्रज यायच्या साडेसहाशे वर्षं आधी, आणि वऱ्हाडात मुसलमानी अंमल यायच्याही आधी, लोकांच्या तोंडी अलचपूर होतं. ते फारसीत गेलं, तिथे अलिफाने पुन्हा आपला गोंधळ घातला, अलच-इलिच-एलिच झालं, आणि अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची राजधानी म्हणून नोंदलं गेलं. इंग्रजांनी जे चालत होतं ते उचललं. एलिचपूर हे अचलपूरचं बिघडलेलं इंग्रजी रूप नव्हे. ते त्याच नावाचं प्राकृत वळणाचं, तितकंच देशी रूप आहे. कागदात कुठलं रूप दिसतं यावरून कागद कुणाच्या हातातून आला ते कळतं: संस्कृत जाणणारा पंडित, मोडी लिहिणारा कारकून की फारसी मुनशी.

अचलपूरजवळच चम्मक नावाचं गाव आहे. तिथे सापडलेला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा पाचव्या शतकातला ताम्रपट चर्मांक नावाचं गाव दान दिल्याचं सांगतो. ते मधुनदीच्या काठी, भोजकट राज्यात होतं, असंही त्यात आहे. फ्लीटने तो 1888 मध्ये प्रसिद्ध केला, पुढे वा. वि. मिराशींनी 1963 मध्ये वाकाटकांच्या सगळ्या लेखांसोबत पुन्हा तपासला. चर्मांकाचं चम्मक होणं हे प्राकृताच्या नियमाला धरून आहे. धर्माचं धम्म होतं तसंच. शिवाय ताम्रपट त्याच जागी मिळाला. एवढं जुळल्यावर शंकेला फारशी जागा उरत नाही. पण त्याच ताम्रपटातलं भोजकट म्हणजे अमरावतीजवळची भातकुली, ही ओळख त्या तोडीची नाही. तिच्यामागे नावातलं साधर्म्य आहे आणि रुक्मीने वसवलेल्या नगरीची पौराणिक परंपरा आहे. ती चूक आहे असं मी म्हणत नाही. पण चम्मकची ओळख आणि भातकुलीची ओळख एकाच ठामपणाने छापली जाते, ते खटकतं.

रिद्धपूरची अडचण स्पेलिंगची. मोर्शी तालुक्यातलं हे गाव इंग्रजी कागदांत रितपूर किंवा रिथपूर. याच गावाच्या नावाने ओळखले जाणारे वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचे ताम्रपट जुन्या संशोधनपत्रिकांत त्या स्पेलिंगखाली आहेत, नव्यांत रिद्धपूर म्हणून. एकाच वस्तूसाठी दोन कपाटं उघडावी लागतात. महानुभाव पंथाच्या दृष्टीने हे गोविंदप्रभूंचं ऋद्धिपूर. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंच्या लीळांचा 1984 मध्ये इंग्रजी अनुवाद केला तेव्हा नावात तेच रूप ठेवलं. महानुभावांचं या विषयावर मोठं ऋण आहे. चक्रधरस्वामी कुठे थांबले, कुठल्या देवळात, कुठल्या दिशेच्या ओट्यावर, हे सांगणारी ‘स्थानपोथी’ हे मुळात जागांचं दप्तरच आहे. चौदाव्या शतकातल्या उच्चारांची इतकी काळजीपूर्वक नोंद दुसरीकडे मिळणं कठीण. अडचण एवढीच की या पंथाचे बरेच ग्रंथ सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक लिपीत जपले गेले. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी ती उलगडेपर्यंत बाहेरच्यांना ते वाचता येत नव्हते. पोथीतून पोथीत उतरताना नकलाकाराने आपल्या काळाचं रूप घातलं असण्याची शक्यताही धरावी लागते. वि. भि. कोलत्यांनी पाठभेद इतक्या चिकाटीने दिले त्याचं मोल ग्रामनामं शोधताना कळतं.

लिपींची भानगड फारसीपाशी संपत नाही. फारसीत ट आणि त, ड आणि द वेगळे ठेवण्याची मूळची सोय नाही, ळ नाही, ब-प आणि ज-च हे फक्त नुक्त्यांनी वेगळे. घाईत लिहिणारा नुक्ते गाळतो. मोडीचा त्रास निराळा. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा पाळत नाहीत, शिरोरेघ आधी ओढून तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत जातात. त्यामुळे गाव कुठे संपलं आणि माणसाचं नाव कुठे सुरू झालं हे वाचणाऱ्याने ठरवायचं. वऱ्हाडात तर दोन्ही परंपरा एकाच गावाला लागू होत्या. निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा वसुलीत दुहेरी अंमल बराच काळ चालला, म्हणून एकच परगणा हैदराबादेकडच्या फारसी कागदांत आणि नागपूरकडच्या मोडी कागदांत दोन वेगळ्या रूपांत आढळतो. 1853च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे आलं आणि तिसरी लिपी सुरू झाली.

तिसऱ्या लिपीचा त्याहूनही जुना नमुना म्हणजे ‘आरगॉम’. 29 नोव्हेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा जिथे पराभव केला ते हे गाव. त्यानंतर दोन आठवड्यांनी, 15 डिसेंबरला गाविलगड पडला. इंग्लंडच्या लष्करी इतिहासात आरगॉम प्रसिद्ध आहे, अकोला जिल्ह्याच्या नकाशावर मात्र त्या नावाचं गाव नाही. ते तेल्हारा तालुक्यातलं अडगाव. स्वरानंतरच्या आपल्या ‘ड’ला इंग्रजी कान ‘आर’ समजतो, म्हणून अड चं आर झालं. हिंदी मुलखातून आलेल्या कारकुनांच्या कागदात ‘खेड’चं ‘खेर’ होतं तेही याच वाटेने. आणि शेवटचा ‘एम’? तो पोर्तुगिजांकडून आलेला. नाकातला उच्चार दाखवायला ते शब्दाच्या शेवटी ‘एम’ लिहीत. पणजीचं पांजिम आणि वसईचं बासाइम त्यातूनच. वेलस्लीच्या लष्करी नकाशांपर्यंत ती सवय इंग्रजीत मुरली होती. पुढे ‘एम’ जाऊन ‘एन’ आला आणि ‘गांव’ ‘गाओन’ झालं.

इथे एक गंमत आहे. आज मराठीत आपण ‘गाव’ लिहितो आणि इंग्रजी पाटीवरच्या ‘एन’ला हसतो. पण 1962च्या लेखननियमांआधी आपणही ‘गांव’ असंच अनुस्वार देऊन लिहीत होतो. तो अनुस्वार आपण काढला. अमरावतीकडच्या अंजनगाव, नांदगाव, धामणगाव यांच्या रेल्वे पाट्यांनी तो इंग्रजीत ठेवून दिला.

कागदावर येण्याआधी नाव तोंडातून निघतं, आणि वऱ्हाडी तोंडाचे नियम पुणेरी तोंडाहून वेगळे. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो: डोळा डोया, काळा काया, शाळा शाया. यवतमाळ तोंडी यवतमाय. ‘ण’चा ‘न’ होतो: पानी, लोनी, लोनार. इकार-एकाराआधीचा ‘व’ गळतो: विहिरीची इहीर होते, वेळेची येय. आता कल्पना करा, सातपुड्याच्या पायथ्याचा एखादा कोतवाल, ज्याला लिहिता येत नाही, पिंपळगावचा मृत्यू सांगायला येतो आणि ‘पिपयगाव’ म्हणतो. लिहिणारा वऱ्हाडचा असेल तर तो मनातल्या मनात ‘ळ’ करून लिहील. बाहेरचा असेल तर ऐकलं तसं लिहील, आणि शंभर वर्षांनी कुणीतरी पिपयगाव नावाचं गाव नकाशावर शोधत बसेल. म्हणून वऱ्हाडातल्या नोंदी वाचणाऱ्याने आधी ते नाव वऱ्हाडीत मोठ्याने म्हणून पाहावं. हा माझा सगळ्यात पहिला सल्ला, आणि त्याला पुस्तक लागत नाही.

मेळघाटात हाच प्रश्न दुप्पट होतो. कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषाच नाही. ती मुंडा गटातली. तिथलं गाव कोरकू माणसाने सांगितलं, वनखात्याच्या हिंदी बोलणाऱ्या नोकराने ऐकलं, साहेबाने इंग्रजीत लिहिलं आणि नंतर कुणीतरी इंग्रजीवरून मराठी केलं. जुन्या वाङ्मयात खुद्द जमातीचंही ‘कुर्कू’ होऊन बसलं आहे. धारणी, धारनी, धरणी यांतलं बरोबर कोणतं हे मराठी शुद्धलेखनाने ठरणार नाही.

विचित्र स्पेलिंगपेक्षा सरळ दिसणारं स्पेलिंग जास्त फसवतं, असं माझं मत होत चाललं आहे. उदाहरणार्थ अकोला. नाव इतकं साधं की कुणी दोनदा बघत नाही. पण तेव्हाच्या नगर जिल्ह्यातलं अकोले इंग्रजी गॅझेटियरात ‘अकोला’च आहे, आणि उत्तर कन्नडातलं अंकोला एका अनुस्वाराच्या अंतरावर. ‘अकोला तालुका’ एवढंच लिहिलेला कागद पाहून वऱ्हाडात शिरू नये. शेजारची गावं संगमनेरकडची आहेत की बाळापूरकडची, ते आधी पाहावं. वाशीमचं इंग्रजी ‘बासिम’, वसईचं पोर्तुगीज ‘बासाइम’ आणि इंग्रजी ‘बसीन’, आणि बसीन तर ब्रह्मदेशातही होतं. अमरावतीच्या बाबतीत आंध्रातल्या स्तूपाची अमरावती आडवी येते. ती गावं वेगळी, राज्यं वेगळी, पण जुन्या ग्रंथालयांच्या सूच्यांत दोघी एकमेकींच्या जागी सापडतात.

जवळच्या नावांतही तेच. चांदूर दोन आहेत, एक बाजार आणि एक रेल्वे. अंजनगाव सुर्जी आणि अंजनगाव बारी, नांदगाव पेठ आणि नांदगाव खंडेश्वर, कारंजा लाड आणि वर्ध्याकडचं कारंजा घाडगे, पातूर नंदापूर आणि पातूर शेखबाबू. जळगावला जामोद जोडलं नाही तर माणूस खानदेशात जातो, बार्शीला टाकळी जोडली नाही तर सोलापुरात. ही शेपटं नोंदकार हमखास गाळतो, कारण त्याच्यासाठी गाव एकच असतं. त्यातही ‘चांदूर रेल्वे’, ‘धामणगाव रेल्वे’ अशी नावं लोहमार्गाआधीच्या कागदात असायचं कारण नाही. 1850च्या म्हणून सांगितलेल्या एखाद्या उताऱ्यात ‘चांदूर रेल्वे’ दिसलं, तर तो उतारा नंतर कुणीतरी उतरवून काढलेला आहे.

जिल्हा-तालुकाही स्थिर नाही. इंग्रजी वऱ्हाडात आधी सहा जिल्हे होते: अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलडाणा, वणी आणि वाशीम. 1903 साली वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलं गेलं आणि 1905 साली फेररचना झाली. एलिचपूर अमरावतीत विरघळलं, वणीच्या जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं, वाशीम मोडून अकोला-यवतमाळात वाटलं गेलं, मूर्तिजापूर अमरावतीतून अकोल्यात आलं आणि खामगाव व जळगाव अकोल्यातून बुलडाण्यात गेले. म्हणून 1900 सालच्या कागदात ‘शेगाव, जिल्हा अकोला’ असं दिसलं तर ते बरोबर आहे. वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो 1998 साली. एकाच घरातले आजोबा, वडील आणि नातू तीन जिल्ह्यांत जन्मलेले दिसतात, आणि घर मात्र त्याच जागी असतं.

आणि शेवटी अशीही गावं, जी आता नाहीत. महसुली दप्तरात त्यांना ‘बेचिराग’ म्हणतात. पटकी, दुष्काळ, पूर, लुटारू, कारणं अनेक. वस्ती उठली, पण मौजा आणि शेतांचे सर्व्हे नंबर त्याच नावाने राहिले. जुन्या नोंदीतलं नाव आजच्या मतदारयादीत सापडत नाही, तेव्हा ते जवळच्या कुठल्यातरी गावाचं चुकलेलं स्पेलिंग आहे असं ठरवून टाकण्याआधी बेचिराग मौजांची यादी पाहिलीच पाहिजे. शेजारच्या गावातले म्हातारे अजूनही त्या शिवाराला जुन्याच नावाने हाक मारतात.

चर्चच्या वह्यांबद्दल थोडक्यात. एलिचपूरला निजामाच्या हैदराबाद कॉन्टिन्जंटची छावणी होती, तिथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचे विवाह, मुलांचे बाप्तिस्मे, दफनं यांची नोंद होई. अशा नोंदींच्या नकला बंगाल, मद्रास आणि मुंबई या तीन इलाख्यांकडून लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. वऱ्हाड तिन्हींच्या कडेला, त्यामुळे एका मालिकेत नाही मिळालं तर दुसरीत पाहावं. नागपूरचा अँग्लिकन धर्मप्रांत 1903चा, अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत तर 1955चा. त्याआधीच्या वह्यांचा माग काढायला नागपूरपर्यंत जावं लागतं. गोव्याच्या वह्यांत एक शिस्त आहे: ‘एक्स’ म्हणजे श, शेवटचा ‘एम’ म्हणजे अनुनासिक, एकदा किल्ली कळली की पानामागून पान उलगडतं. वऱ्हाडात ती सोय नाही. लिहिणारा कधी इंग्रज, कधी फ्रेंच बोलणारा, कधी अमेरिकन; प्रत्येकाची किल्ली वेगळी. 1899-1900च्या दुष्काळानंतर मिशनांच्या अनाथालयांत आलेल्या मुलांच्या बाबतीत तर गाव सांगणारं तोंड सात-आठ वर्षांचं, वऱ्हाडी बोलणारं आणि ऐकणारा कान परदेशी. अशा नोंदीतल्या गावाची ओळख पटली, तरी मी ती ‘संभव’ म्हणूनच लिहीन.

व्युत्पत्तीचा मोह मात्र आवरावा. मूर्तिजापूर हे मुर्तजा या नावावरून आलेलं. मराठीत त्याचा पहिला भाग मूर्तीकडे सरकला आणि आता दीर्घ ‘मू’ लिहून ते पक्कं झालं आहे. मराठीत ‘ज’ एकच अक्षर असून त्याचे उच्चार दोन, म्हणून इंग्रजीत ‘झेड’ आणि ‘जे’ दोन्ही चालू राहिले. चिखलदऱ्यामागे कीचकाची दरी, बुलडाण्यामागे भिल्लांचं ठाणं, अकोल्यामागे अकोलसिंह. या कथा सांगायला छान आहेत. राजवाड्यांसारख्या माणसानेही ग्रामनामांच्या मुळाशी जाताना संस्कृताकडे इतकी ओढ घेतली की, मधले प्राकृत-फारसी टप्पे कित्येकदा उडून गेले. बुलडाणा की बुलढाणा, वाशिम की वाशीम, हे वाद वर्तमानपत्रात रंगतात. नोंद वाचणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही. त्याला मुळाशी जायचं नसून दोन कागद एकाच गावाचे आहेत का, एवढंच ठरवायचं असतं.

इंग्लंडमध्ये 1923 साली ग्रामनामांसाठी एक संस्थाच निघाली आणि तिने परगण्यामागून परगणा घेत प्रत्येक गावाची जुनी रूपं सालवार मांडली, अर्थ नंतर. वऱ्हाडासाठी कच्चा माल भरपूर पडून आहे: ताम्रपट, स्थानपोथी, आईनमधली महालांची यादी, 1870चं लायलचं गॅझेटियर, 1910-11ची जिल्हा गॅझेटियरं, या. मा. काळ्यांचा 1924चा ‘वऱ्हाडचा इतिहास’, आणि तहसिलीतली कोतवाल बुकं. हे सगळं एका तालुक्यापुरतं सालवार लावलं, तरी जात पडताळणीच्या किती फायली सुटतील.

सध्या भीती आहे ती उलट्या दिशेची. जुने अभिलेख स्कॅन होत आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण स्कॅनला जोडलेली सूची टंकलेखन करणाराच बनवतो, आणि तो कागदात ‘बडनेरा बीबी’ किंवा ‘बासिम’ दिसलं की आजचं नाव टाकून मोकळा होतो. मग शोधणाऱ्याला कागद मिळतो, पण त्यात काय लिहिलं होतं ते कळत नाही. आणि ओळख चुकली असेल तर ती चूक यंत्रात कायमची. दोन रकाने हवेत. एकात कागदावर जसं आहे तसं, नुक्ता-अनुस्वारासकट; दुसऱ्यात आजचं गाव, तालुका, जिल्हा, आणि ओळख पक्की की संभाव्य हा शेरा. काम दुप्पट होईल, हे खरं आहे.

शिवाय वाचणारी माणसंही कमी होत चालली आहेत. मोडीचे वर्ग आता निघतात, पण तिथे बहुतेक वेळा पेशवाईतली सुबक पत्रं गिरवतात. पटवाऱ्याचं घाईतलं, कोपऱ्यात कोंबलेलं अक्षर तेवढ्या सरावाने वाचता येत नाही. फारसी वळणाच्या कागदांसाठी अचलपूर आणि बाळापूरच्या जुन्या घराण्यांतले, उर्दू शाळांत शिकवून निवृत्त झालेले मास्तर अजून आहेत. त्यांना तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये बसवून, मोडी जाणणाऱ्या एखाद्या तरुणासमोर एकच परगणा दोन्ही लिप्यांत वाचून घेतला पाहिजे, आणि वाचताना तिथे गावचा एखादा कोतवालही हजर असावा.